इंजिन राहू दे, आधी चासीवर हातोडी मार

पत्र असं आहे:

"काका, मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या अलीकडं आमचं गाव. वय ३६. भात आणि काजू, शिवाय खानापुरात एक लहान दुकान. बाबा चौदा वर्षं खानापूर–जांबोटी–कणकुंबी लाइनीवर कमांडर जीप चालवायचे, वडाप, म्हणजे सीट भरून भाड्यानं. मी लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरलंय. २००६ साली ती विकली, तेव्हापासून डोक्यात एकच, एक दिवस दारात जीप उभी करायची. आता चंदगड भागात एक बघितलीय. १९९१ ची महिंद्रा एमएम ५४०, एमएच ०९ पासिंग. मालक पावणेतीन लाख म्हणतो. मूळचं प्यूजो इंजिन काढून डीआय बसवलंय, 'इंजिन एक नंबर' म्हणतो, आणि खरंच अर्ध्या सेल्फला चालू होतं. आरसीची मुदत २०२१ ला संपलीय. फोर बाय फोर आहे, पण पुढचा जॉइंट काढून घरात ठेवलाय. पेंट नवा कोरा, मिलिटरी हिरवा. मालक म्हणतो आता ही व्हिंटेजमध्ये जाणार, भाव वाढणार. बायकोचं म्हणणं, पैसे घर शाकारायला ठेवलेत ते ठेवलेत. बाबांना अजून सांगितलं नाही, एकदम दारात आणून उभी करणार आहे. घेऊ का? आणि घेतली तर काम कुठून सुरू करू?"

वयानं तू माझ्या धाकट्यापेक्षाही लहान, तेव्हा अरे-तुरे चालवून घे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मीही विरघळलो. कणकुंबीची वाट, धुकं, टपावर पोती, मागच्या फळीला लोंबकळणारी माणसं, आणि आत जागा नाही म्हटलं की "सरका की जरा" म्हणणारे तुझे बाबा. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं, तेव्हा पाच-सहा ठिकाणी खूण झाली. म्हणून आधी सरळ उत्तर: ही जीप, आहे त्या अवस्थेत, त्या किमतीला घेऊ नकोस. जीप घेऊच नको असं म्हणत नाही. ही नको.

तू इंजिनावर भाळलास. सगळेच भाळतात. बॉनेट उघडलं, सेल्फ मारला, धडधड ऐकली की आपल्याला वाटतं गाडी तपासून झाली. मी तीसेक वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपमध्ये घालवली, त्यामुळं हे छातीठोक सांगतो की आपल्या भागात जुन्या जीपच्या इंजिनाची धास्ती घ्यायचं कारण नाही. बेळगाव हे फाउंड्रीचं आणि लेथचं गाव. बोअर झिजला तर स्लीव्ह ठोकून मिळतो, क्रँक ग्राइंड होतो, हेड फेस होतं, फ्लायव्हील घासून मिळतं, ब्रेकचे ड्रम टर्न होतात, नाही मिळाला तो बुश माप देऊन करून घेता येतो. चहा दोनदा होईपर्यंत हे सगळं एका रस्त्यावर फिरून विचारता येईल. पण चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, पंच केलेला नंबर आणि आरसीतला नंबर जुळवून देणारा लेथ उद्यमबागेत नाही, आणि गंजानं पोखरलेल्या चासीला तिचं मूळचं लोखंड परत आणून देणारी फाउंड्रीही नाही. माझ्या मते उभी असलेली, इंजिन जाम झालेली, पण चासी निरोगी आणि कागद धड अशी जीप ही अर्ध्या सेल्फला चालू होणाऱ्या तुझ्या चंदगडच्या जीपपेक्षा कितीतरी बरी. आणि तशी स्वस्तही मिळते, कारण बाकीचे सगळे तुझ्यासारखे सेल्फ मारून बघणारे.

आता चासी. तुझी जीप चंदगडची, म्हणजे पाऊस आपल्यासारखाच. जून ते सप्टेंबर तांबडा चिखल चासीच्या आत जाऊन बसतो, वरून कोरडा दिसतो आणि आतून वर्षभर ओल धरतो. लोखंड बाहेरून नाही, आतून खाल्लं जातं. बघायला जाशील तेव्हा एक लहान हातोडी घेऊन जा. चासीवर पुढून मागं ठोकत जायचं. टण टण आवाज येतो तिथं लोखंड आहे. जिथं आवाज भस्स होतो, पोत्यावर मारल्यासारखा, तिथं लोखंडाच्या नावाखाली पापुद्रे आहेत. स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथं चासीला बसतात ती जागा, शॅकलच्या मागची बाजू, बॉडीचे बोल्ट जिथं येतात ते कान, आणि आडव्या पट्ट्या, ह्या चार ठिकाणी वेळ घाल. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघ. मालक "पेंट जाईल" म्हणून ओरडला तर समज की तू बरोबर ठिकाणी दाबतोयस.

नवा कोरा पेंट हाच मला पहिला संशय. विकायच्या आधी जुन्या जीपला पेंट मारणारा माणूस एकतर फार हौशी असतो किंवा काहीतरी झाकतोय. लोहचुंबक ने, फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरव. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. पत्र्याचं मला फार वाटत नाही, जीपचा पत्रा म्हणजे सरळ घडीचं काम, चांगला टिंकर महिनाभरात नवी फ्लोअर घालून देईल. पण खालून चासीला ताजं काळं डांबरासारखं फासलेलं असेल, तर मात्र तिथून उठून चालू लाग.

आणि त्या पेंटचा रंग. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचा कॅम्प आहे, लहानपणापासून आपण हिरव्या जीपा बघत आलो, त्यामुळं प्रत्येकाला तोच रंग पाहिजे असतो. मलाही पाहिजे होता. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सरळ सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह हिरवा रंग लावायचा नाही. म्हणजे त्या पेंटसाठी मालक जे वीस-तीस हजार वर लावतोय, तो पेंट तुला पासिंगच्या आधी खरवडून काढायचाय. शिवाय रंग बदलला की त्याची नोंद आरसीत करावी लागते, मालकानं ती केलीय का ते बघ. मला नाही वाटत केली असेल.

आता कागद, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या भागात जीप बुडते ती नदीत नाही, कागदात. चंदगड आणि जांबोटी यांच्यामध्ये अंतर ते काय, पण मध्ये राज्याची हद्द आहे. सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडलाय, त्याचं काय व्हायचं ते होवो, पण गाडीचा सीमाप्रश्न मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानं १२ महिन्यांत सोडवावा लागतो. दुसऱ्या राज्यातली गाडी इथं बारा महिन्यांहून जास्त ठेवलीस की इथला, बेळगावचा केए २२ नंबर घ्यायलाच पाहिजे. त्यासाठी कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे २८ नंबरचा फॉर्म. मालकी बदलायला २९ आणि ३०. जुन्या बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज आरसीवर चढवलेलं असेल तर ते उतरवायला ३५. १९९१ च्या गाडीवर कुठल्या तरी पतसंस्थेचा बोजा अजून तसाच असणं मी स्वतः बघितलंय. संस्था कधीच बंद पडलेली, आणि सही करायला माणूस नाही.

एनओसी निघायला आरसी जिवंत पाहिजे. तुझ्या जीपची पहिली पंधरा वर्षं २००६ ला संपली, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण, ते २०२१ ला थांबलं. आता १५ वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून ५,००० झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांना ती १०,००० केली. वर उशिराचे महिन्याला ५०० नियमात आहेत. २०२१ पासूनचे किती होतात ते तूच बोटांवर मोज. शिवाय गाडी फिटनेसला उभी करावी लागणार, तीही ह्या हिरव्या रंगात आणि ह्या बदललेल्या इंजिनावर. इकडं आणल्यावर कर्नाटकाचा लाइफ टॅक्स, गाडीच्या वयाप्रमाणं. तो आकडा बेळगाव आरटीओच्या खिडकीवर आधी विचारून घे, एजंटाच्या तोंडून नको. मालक म्हणेल, "एवढं कोण बघतंय, चालवा की तसंच." तर त्याला एवढंच म्हण, "तुम्ही कोल्हापुरात नूतनीकरण करून एनओसी हातात द्या, मग मी पैसे मोजतो." तो करेल तर सोनं. नाही करणार तर तो का करत नाही याचा विचार तू घरी जाऊन कर. बयाणासुद्धा देऊ नकोस. दहा हजार अडकले की माणूस दोन लाख घालायला तयार होतो, ही आपली सगळ्यांची खोड.

आणि ते डीआय इंजिन. हे जरा समजून घे. एमएम ५४० ला कंपनीतून प्यूजोचं एक्सडीपी इंजिन यायचं, २,११२ सीसी, बाबांना आठवत असेल, सकाळी हीटर धरून मोजत बसायचं आणि मग सेल्फ मारायचा. गुळगुळीत इंजिन, पण आता त्याचे सुटे भाग शोधत फिरावं लागतं. डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल, हे ट्रॅक्टरच्या घरातलं, हीटर-बिटर काही नाही, चिकोडी-गोकाकच्या कुठल्याही ट्रॅक्टर मेस्त्रीला त्याचं पोट पाठ. म्हणून वडापवाल्यांनी ढिगानं अदलाबदल केली. व्यवहार म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही, त्यांचं पोट त्यावर होतं. पण कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की आरसीत लिहिलंय त्यापेक्षा वेगळं काही गाडीत करता येत नाही; २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही ते पक्कं केलं. त्याच मेकचं, त्याच टाइपचं इंजिन टाकून त्याची नोंद करणं वेगळं, आणि दुसऱ्याच जातीचं टाकून गप्प बसणं वेगळं. तुझ्या जीपच्या आरसीत इंजिन नंबर प्यूजोचा, बॉनेटखाली डीआय. ज्या दिवशी इन्स्पेक्टर चासी प्रिंट घ्यायला सांगेल आणि इंजिन नंबरावर टॉर्च मारेल त्या दिवशी ते एक नंबरचं इंजिन दोन नंबरचं होईल. अपघात झाला आणि इन्शुरन्सवाला आला तर त्याहून वाईट.

शिवाय डीआय थरथरतं फार. गावठी माउंटिंग वेल्ड करून बसवलं असेल तर त्या वेल्डच्या कडेनं चासीला केसासारखी चीर जाते. हे टॉर्च लावून बघ.

चासी प्रिंट म्हणजे काय ते बाबांना ठाऊक असेल: नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, नंबर उमटतो. कुठलीही जीप बघायला जाशील तिथं ही प्रिंट स्वतःच्या हातानं काढ. आकडे एका रेषेत, एका उंचीचे, सारख्या खोलीचे पाहिजेत. एखादा आकडा जरा वाकडा, शेजारी ग्राइंडरची चमक, किंवा नंबराच्या पट्टीभोवती वेल्डची कडा, असं काही दिसलं तर किंमत विचारायचीही गरज नाही. मोबाइलवर परिवहनच्या ॲपमध्ये नंबर टाकून नाव, तारीख, इंधन, बोजा, चलन एवढं दोन मिनिटांत कळतं. १९९१ च्या गाडीची नोंद कधी अर्धवट भरलेली असते. डिझेलची गाडी तिथं पेट्रोल म्हणून चढलेली मी पाहिलीय. अशी चूक एनओसीच्या आधी दुरुस्त करून घ्यायची, नंतर नाही.

व्हिंटेजचं मालकानं सांगितलं ते विसर. २०२१ मध्ये नियम आला तो ५० वर्षं झालेल्या गाड्यांसाठी. तुझी १९९१ ची. २०४१ ला बोलू. आणि व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही, तेव्हा काजूची पोती खानापूरला न्यायची असतील तर त्या नोंदीचा उपयोगही नाही.

"पुढचा जॉइंट घरात आहे" ह्या वाक्यावर मी हसलो. जुन्या जीपांची निम्मी फोर बाय फोर घरातच असतात. वडापवाले डिझेल वाचतंय म्हणून किंवा आवाज येतोय म्हणून तो जॉइंट, म्हणजे पुढच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्ट, काढून ठेवायचे, ते एक कारण. दुसरं कारण असं की पुढचा क्राऊन-पिनियन रडायला लागलेला असतो किंवा ट्रान्स्फर केसमध्ये दात गेलेला असतो, आणि शाफ्ट काढला की आवाज बंद होतो. कुठलं कारण ते शाफ्ट परत बसवल्याशिवाय कळत नाही. म्हणून बसवायला लाव. पुढचे हब लॉक कर, फोर व्हील टाक, इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेव, मागच्या चाकांना दगड लाव, आणि पुढचं एकच चाक जॅकवर उचल. ते हातानं फिरवून बघ. सगळं जागेवर असेल तर चाक थोडं हलून अडतं. गरागरा फिरलं तर हब, ॲक्सल, डिफरन्शियल किंवा ट्रान्स्फर केस, कुठं तरी साखळी तुटलीय. पुढच्या गोळ्याचा, म्हणजे डिफरन्शियलचा, ऑइल प्लग उघडून बोट घाल; ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. मग चिखलात चालवून बघ. डांबरी कोरड्या रस्त्यावर फोर व्हील टाकून वळणं घेऊ नकोस, त्या जीपला पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियल नाही, ती आतल्या आत पीळ धरते आणि शाफ्टच्या सांध्यातला सगळ्यात अशक्त क्रॉस पहिला जातो. एवढं सगळं करू देत नसेल तर टू व्हीलचा भाव बोल.

आता सूनबाईंकडं येतो. त्यांचं बरोबर आहे, आणि फक्त घरासाठी बरोबर आहे असं नाही, जीपसाठीही बरोबर आहे. आपल्याकडची कौलं एका पावसाळ्यात बोलायला लागतात. आधी घर शाकार. त्याच सुताराकडून, त्याच मजुरीत, पडवीला लागून जीपपुरतं छप्पर ओढून घे. खाली नुसती माती नको, चार घमेली खडी तरी पसर. ताडपत्री घालून जीप ठेवायचा विचार करत असशील तर तो सोड. ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि उघड्यावरच्या जीपपेक्षा झाकलेली जीप आधी कुजते. हे मी पुस्तकातून नाही सांगत.

माझी गोष्ट सांगतो. मी एक जुनी जीप घेतली होती, बरी चालत होती, हे महत्त्वाचं. चालत असलेली जीप मी एका रविवारी हौसेनं उघडली. सगळं सुटं करून, सगळं नवं करून, पुन्हा जोडायचं असं ठरवलेलं. नट-बोल्ट डालड्याच्या डब्यात टाकले, डब्यांवर खडूनं नावं लिहिली. पावसाळा आला, खडू गेला. आधी बॉडी रंगवून घेतली, कारण ती दिसते. मग चासी ब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं गंज काढायला, नेताना त्याच रंगलेल्या बॉडीवर चरे पडले. वायरिंगवाला गावाला गेला तो गेला. ताडपत्रीखाली ती चार वर्षं होती. कोंबड्या आत अंडी घालायच्या. आमची ही पाहुण्यांना सांगायची, "ह्यांची जीप बघायची? चला, सात ठिकाणी आहे." शेवटी जोडली, पण ज्या भावात जोडली त्यात तशीच दुसरी आली असती. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

म्हणून, ही नाही तर दुसरी जीप दारात आली की तिला उघडू नकोस. चालव. पहिलं काम थांबायचं: ब्रेक. चारी चाकांना ड्रम असतात, मास्टर सिलिंडर, चारी व्हील सिलिंडर, रबरी होज, सगळं नवं घाल, इथं पैसा वाचवू नकोस. जांबोटीकडच्या ओढ्याच्या पाण्यातून बाहेर आलास की ड्रम ओले असतात, पहिले दोन-तीन ब्रेक लागतच नाहीत. बाबा पाण्यातून आल्यावर पाय ब्रेकवर हलका ठेवून का चालवायचे ते विचार त्यांना. दुसरं, स्टिअरिंग. पन्नासच्या पुढं गेल्यावर खड्ड्यात पडलं की पुढची चाकं लटालटा नाचायला लागली तर मेस्त्री आधी बॅलन्सिंग करायला सांगेल. कर, पण बहुतेक वेळा दोष किंगपिनच्या बेअरिंगमध्ये, टाय रॉडच्या टोकांत आणि पाट्याच्या बुशांमध्ये वाटून असतो. एक बदलून भागत नाही, आणि पैसे वाचवायला डँपर लावून गप्प बसवलं तर रोग आत राहतो. तिसरं, वायरिंग. जुन्या जीपमधली वायरिंग म्हणजे दहा मेस्त्र्यांच्या दहा गाठी. नवा हार्नेस, फ्यूज बॉक्स, हेडलाइटला रिले, आणि बॅटरीला कट-ऑफ. जीपा जळतात त्या डिझेलनं नाही, इन्शुलेशन टेपनं जळतात. रेडिएटर कॉपरचा असेल तर तो टाकू नकोस, कोअर साफ करून घे. चोर्ला घाटाच्या चढाला कळतं रेडिएटर कसा आहे ते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. खाच शिल्लक आहे म्हणून पंधरा वर्षांचा टायर ठेवू नकोस. ६.००–१६ चा तो आडव्या ठोकळ्यांचा मिलिटरी पद्धतीचा टायर अजून मिळतो, भाताच्या बांधावर त्याच्यासारखा दुसरा नाही. डांबरावर आवाज करतो, करू दे. रुंद टायर, उंच सस्पेन्शन असलं काही मनात असेल तर ५२ वं कलम परत वाच.

असं हजारेक किलोमीटर चालव. तेवढ्यात गाडी तिची सगळी गाऱ्हाणी स्वतःच्या तोंडानं सांगते, आणि मग यादी कर. बॉडी काढून चासी ब्लास्ट करायची असेल तर ती दिवाळीनंतर. पावसाळ्यात ब्लास्टिंग आणि पेंट करू नकोस. आपल्या जुलैच्या हवेत उघडं लोखंड दुपारपर्यंत तांबूस होतं. ब्लास्ट झाल्या दिवशीच इपॉक्सी प्रायमर, नुसत्या रेड ऑक्साइडवर भागवायचं नाही, आणि चासीच्या पोकळीत आतून मेण किंवा ऑइल मारून घे, पाणी जायची भोकं मोकळी ठेव. बॉडी सगळ्यात शेवटी रंगव. पैशाचं म्हणशील तर माझा हिशेब साधा आहे: जेवढ्याला गाडी घेशील तेवढेच पुन्हा बाजूला ठेव. म्हणजे पावणेतीन लाख हातात असतील तर सव्वा-दीडच्या वर गाडी बघायची नाही, आणि घर शाकारल्यावर जे उरेल त्यातून हा हिशेब परत मांडायचा.

जिप्सी बघू का, असं तू विचारलं नाहीस पण विचारशील. हलकी, पेट्रोल, चिखलात बकरीसारखी चढते. पण तिचा पत्रा जीपपेक्षा लवकर जातो, आणि तुझ्या पोत्यांना ती लहान पडेल. लष्कराच्या लिलावातल्या जिप्सी येतात तेव्हा लिलावाचे मूळ कागद आणि कोऱ्या नोंदणीची तयारी असेल तरच जा. तुझं मन कमांडरमध्ये अडकलंय, जिप्सीनं ते भरणार नाही.

चालवायची कुठं हे एका वाक्यात सांगतो, कारण तुझ्या गावापासून हे जवळ आहे: भीमगड अभयारण्य आणि आजूबाजूचं राखीव रान ही आपली हौस भागवायची जागा नाही, परवानगीशिवाय चाक घातलंस तर जीप वनखात्याच्या आवारात गंजेल. आपल्या शेतात, मित्राच्या माळावर, पावसात ट्रॅक्टर अडकला तर ओढायला, एवढं पुष्कळ आहे.

राहिलं बाबांचं सरप्राइज. हे मला पटलं नाही. ज्यानं चौदा वर्षं जीपवर घर चालवलं त्याला न विचारता तू जीप घेणार? त्या माणसाला गिअर बॉक्सचा आवाज ऐकून कुठल्या गिअरचं बेअरिंग गेलंय ते कळत असणार. क्लच सोडताना पाय किती वर येतो यावरून प्लेट किती उरलीय ते कळत असणार. असा मेस्त्री फुकटात घरात बसलाय आणि तू मला पत्र लिहितोस. त्यांना सांग. चंदगडची ही जीपसुद्धा एकदा दाखव, घ्यायची म्हणून नाही, नजर बसावी म्हणून. मग खानापूर, नंदगड, बेळगाव, जिथं जिथं केए २२ ची बंद पडलेली जीप कुणाच्या गोठ्यात उभी आहे असं कळेल तिथं दोघं जा. जुन्या लाइनीवरचे त्यांचे सोबती अजून असतील, कुणाची गाडी कुठं पडलीय ते त्यांना माहीत असतं, जाहिरातीत येत नाही.

इंजिन थंड असतानाच जा, सकाळी, आणि मालकाला आधी चालू करून ठेवू नको म्हणून सांग. बॉनेटला हात लावून बघ गरम आहे का. सोबत हातोडी, टॉर्च, चुंबक, पांढरा कागद, शिसपेन्सिल आणि एक पोतं. पोतं विसरू नकोस, चासीखाली झोपून बघायचंय. बाबांना झोपवू नकोस, तू झोप. ते वरून सांगतील कुठं ठोकायचं ते.